टॅको, भिंती आणि एक भाड्याचं घर

ताईला घर हवं होतं, मला टॅको. दोन्ही एकाच ठिकाणी मिळेल असं तिचंच म्हणणं, म्हणून ऑक्टोबरातल्या एका शनिवारी सकाळी आम्ही दोघी शिकागोच्या पिंक लाइनमध्ये बसलो.

ताई म्हणजे माझी मावसबहीण. डाउनटाउनमधल्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी आणि राहायला लांबच्या सबर्बमध्ये. जाऊन-येऊन रोजचे अडीच तास. डोंबिवलीकरांना यात काही विशेष वाटणार नाही, पण तिकडे हा अत्याचार समजला जातो. तर या अत्याचाराला कंटाळून तिने नेटवर एक वन-बेडरूम फ्लॅट शोधला होता. जाहिरातीत सहा फोटो. तीन फ्लॅटचे आणि तीन बाहेरच्या रंगवलेल्या भिंतींचे. एरियाचं नाव पिल्सेन. फ्लॅट बघायची वेळ दुपारी चारची.

‘तोवर तू खाऊन घे आणि फोटो काढ,’ ताई म्हणाली.

डाउनटाउनपासून जेमतेम पंधरा मिनिटांत ‘एटीन्थ स्ट्रीट’ स्टेशन येतं. आणि इथेच पहिला धक्का बसतो, कारण स्टेशनच रंगवलेलं आहे. जिन्याच्या पायऱ्या, भिंती, वरचा पॅसेज, सगळीकडे चेहरे, सूर्य, मक्याची कणसं, अ‍ॅझ्टेक नक्षी. दादरच्या ब्रिजवर असं काही असतं तर गर्दीतसुद्धा माणूस थांबला असता. (नसता थांबला. मागच्याने ढकललं असतं.)

नावाचा घोळ आधी मिटवते. मेक्सिकन वस्तीचं नाव पिल्सेन कसं? तर एकोणिसाव्या शतकात इथे आधी आले ते चेक लोक. त्यांच्या देशातल्या प्ल्झेन शहरावरून हे नाव. त्यांनी बांधलेला १८९२ चा थालिया हॉल अजून दिमाखात उभा आहे, आत आता कॉन्सर्ट होतात. पोलिश लोकांनी सेंट अ‍ॅडलबर्ट चर्च बांधलं, त्याचे दोन उंच मनोरे लांबून दिसतात. ते २०१९ मध्ये बंद झालं. मेक्सिकन कुटुंबं इथे मोठ्या संख्येने आली ती १९५० आणि ६० च्या दशकांत. त्यातली बरीच स्वखुशीने आलेली नव्हती. जवळच्याच निअर वेस्ट साइड भागात युनिव्हर्सिटीचं नवं कॅम्पस उभं राहणार होतं, ते १९६५ मध्ये सुरू झालं. त्या जागेवरच्या लोकांना उठावं लागलं. त्यातले मेक्सिकन थोडं दक्षिणेला सरकले आणि पिल्सेनमध्ये स्थिरावले. म्हणजे या वस्तीचा पायाच मुळी ‘इथून उठा’ या वाक्यावर घातलेला आहे. तेव्हा मी हे नुसतंच डायरीत टिपून घेतलं. त्याचा अर्थ संध्याकाळपर्यंत कळायचा होता.

सुरुवात बेकरीपासून. मेक्सिकन बेकरीला पानादेरिया म्हणतात आणि तिथे काउंटरवर ऑर्डर द्यायची नसते. दारातच अ‍ॅल्युमिनियमचा ट्रे आणि चिमटा उचलायचा आणि काचेच्या कपाटांतून आपल्या हाताने माल काढायचा. कोन्चा नावाचा गोल गुबगुबीत पाव असतो, वर साखरेचा थर आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेघा. गुलाबी, पिवळा, चॉकलेटी. इराण्याकडच्या बनने वाढदिवसाचे कपडे घातले तर कसा दिसेल, अगदी तसा. मी चार घेतले. ताईने गुपचूप सहा. पुढे एक आज्जी उभी होती, तिचा ट्रे शिगोशीग भरलेला. काउंटरवरच्या मुलीशी तिचं जे काय स्पॅनिशमध्ये चाललं होतं त्यातलं अक्षरही कळलं नाही, पण सूर ओळखीचा होता. भाव वाढला, म्हणून चाललेली कुरकुर कुठल्याही भाषेत कळते.

मग कार्निटास. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, शाकाहारी वाचकांनी एक परिच्छेद गाळला तरी चालेल. ‘कार्निटास उरुआपान’ हे एटीन्थ स्ट्रीटवरचं १९७५ पासूनचं दुकान. उरुआपान हे मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातलं शहर आणि डुकराचं मांस त्याच्याच चरबीत तासन्‌तास शिजवायची ही पद्धत तिथली. आपल्याकडे जिलबीसाठी असते त्याहून मोठी कढई, परंपरेने तांब्याची. मांस इतकं मऊ होतं की सुरी नावालाच. विकतात पाउंडावर, खाटकाकडे घ्यावं तसं. नुसतं मऊ मांस हवं, की थोडी चरबी, थोडी कातडी असं मिसळून हवं, ते विचारतात. मिसळूनच घ्या. सोबत गरम टॉर्टिया, कांदा, कोथिंबीर, लिंबू, साल्सा. बाजूला चिचारोन, म्हणजे डुकराच्या कातडीचा तळून फुललेला भलामोठा पापड. मी पहिला घास घेतला आणि पुढची पाच मिनिटं काही बोलले नाही. माझ्या बाबतीत ही बातमी आहे, असं ताई नंतर घरी फोन करून सांगत होती.

ताई शुद्ध शाकाहारी. तिने माझ्या टॉर्टिया आणि साल्सावर डल्ला मारला आणि नंतर दुसऱ्या एका टपरीवजा हॉटेलात नोपालचे टॅको खाल्ले. नोपाल म्हणजे निवडुंग. हो, तोच, फड्या निवडुंग. काटे काढून, पट्ट्या कापून, तव्यावर परतलेला. चव थोडी आंबूस, थोडी भेंडीसारखी. ‘आपल्याकडे बांधावर फुकट उभा असतो गं,’ ताई हळहळली.

टॉर्टियाबद्दल एक सांगायलाच हवं. मका चुन्याच्या निवळीत शिजवून, भिजत ठेवून, मग वाटतात. त्याने साल सुटते, पीठ चिकट होतं आणि धान्यातलं पोषणही अंगी लागतं. हजारो वर्षांची युक्ती. आणि या मक्याशी एका मराठी माणसाचं फार जवळचं नातं आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, मायदेशी परतायची सोय उरली नाही, तेव्हा १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या शेतकी शाळेत शिकवलं, मक्याच्या वाणांवर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा त्यांचा मित्र, त्याने आपल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं. म्हणजे मेक्सिकोच्या भिंतीवर वर्ध्याचा माणूस कधीच जाऊन बसला होता आणि मला हे कॉलेजात मास कम्युनिकेशनची तीन वर्षं घालवून कुणी सांगितलं नव्हतं.

जेवण अंगावर आलेलं, म्हणून म्युझियम. ‘नॅशनल म्युझियम ऑफ मेक्सिकन आर्ट’ हॅरिसन पार्कच्या कडेला आहे आणि प्रवेश फुकट. आजच फुकट असं नाही, कायमच. १९८२ मध्ये कार्लोस टोर्टोलेरो या शाळामास्तराने काही सहकारी शिक्षकांना घेऊन संस्था काढली, तेव्हा खिशात ९०० डॉलर होते. १९८७ मध्ये इथे म्युझियम उघडलं. आज संग्रहात अठरा-वीस हजारांच्या घरात वस्तू आहेत.

ऑक्टोबरात इथे ‘डे ऑफ द डेड’चं प्रदर्शन असतं, १९८७ पासून दरवर्षी. मेक्सिकन लोक नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवशी मेलेल्या माणसांना घरी जेवायला बोलावतात. त्यासाठी पायऱ्यापायऱ्यांची वेदी मांडतात, त्यावर फोटो, मेणबत्त्या, पाणी, मीठ, गोड पाव आणि गेलेल्या माणसाला आवडायचं ते सगळं. आणि सगळीकडे झेंडू. केशरी, ढिगाने. त्या हॉलमध्ये शिरले आणि वासानेच थबकले. दसरा! झेंडू मूळचा मेक्सिकोचाच, आपल्याकडे तो काही शतकांपूर्वी समुद्रावरून आला आणि आपण त्याला तोरणात ओवलं. त्यांच्याकडे त्याच्या वासाने आणि रंगाने मेलेल्यांना घरची वाट सापडते.

एका वेदीवर चष्मा होता, पत्त्यांचा जोड आणि कोकची काचेची बाटली. ताई तिच्यासमोर बराच वेळ उभी राहिली. आमची आजी गेली तेव्हा ताई इथे होती, व्हिसाच्या कुठल्याशा भानगडीत अडकलेली. येता आलं नाही. सर्वपित्रीला मावशी आजीसाठी पानात भजी वाढते आणि ताईला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवते. त्यावर आम्ही काही बोललो नाही, बाहेर आलो.

म्युझियमपासून दोन मिनिटांवर, कलर्टन आणि वॉलकॉट या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एक घर आहे. एक्तोर दुआर्ते या चित्रकाराचं. मिचोआकानात जन्मलेला, १९८५ मध्ये शिकागोला आलेला. त्याने आपल्या घराच्या भिंतींवर गलिव्हर रंगवलाय. लिलिपुटातला, जमिनीला बांधलेला, फक्त दोरांच्या जागी काटेरी तार. अवाढव्य माणूस तीन बाजूंना पसरलाय, एका नजरेत मावत नाही, घराला वळसा घालत बघावा लागतो. हा गलिव्हर म्हणजे बॉर्डर ओलांडून आलेला मेक्सिकन. देह एवढा मोठा आणि बांधून ठेवलेला. मी भिंतीशी पोज घेऊन सेल्फी काढत होते, तेवढ्यात वरच्या खिडकीतला पडदा हलला. इथे कुणी राहतं हे मी विसरलेच होते. घाईघाईने ‘सॉरी’ म्हटलं, कुणाला ते माहीत नाही.

तिथून सोळाव्या रस्त्याने पूर्वेकडे चालत निघालो. रस्त्याच्या एका अंगाला रेल्वेचा काँक्रीटचा उंच बंधारा आहे आणि त्याच्यावर ओळीने चित्रं, कितीतरी ब्लॉक. सांगाड्यांची वरात, ग्वादालुपेची माता, स्प्रे-पेंटवाल्या पोरांची अक्षरं, झापाटाच्या मिशा. काही इतकी सुंदर की फोटो काढायचंही सुचत नाही. काही, खरं सांगू का, सुमार. पण भिंतीवर सगळ्यांना जागा आहे. मधूनच लक्षात येतं की चित्रांच्या समोरच्या बाजूला नव्या करड्या रंगाच्या इमारती उगवल्यात, खालच्या मजल्यावर कॅफे, काचेतून दिसणारे लॅपटॉप. एका कॅफेत आम्हीही शिरलो. कॉफी झकास होती. ती सकाळची पानादेरियावाली आज्जी इथे कधी येत असेल असं वाटलं नाही.

आणि मग रेसीन अ‍ॅव्हेन्यूवरची ती बिल्डिंग. कासा अ‍ॅझ्टलान. माझ्या यादीत ती आधीपासून होती, ताईचा फ्लॅट तिथून दोन गल्ल्यांवर निघाला हा योगायोग.

आधीच्या शतकात चेक लोकांसाठी काढलेलं हे समाजमंदिर. १९७० च्या सुमारास मेक्सिकनांनी त्याला नवं नाव दिलं. इंग्रजीचे वर्ग, मुलांचे कार्यक्रम, मोर्च्यांच्या बैठका, सगळं इथून. रे पातलान या तरुण चित्रकाराने त्या वर्षांत बाहेरच्या भिंती रंगवायला घेतल्या. शिकागोतल्या मेक्सिकन भित्तिचित्रांची सुरुवात सांगताना लोक या भिंतींकडे बोट दाखवतात. २०१३ मध्ये संस्थेच्या हातून इमारत गेली. पुढे ती एका बिल्डरने घेतली, आत अपार्टमेंट काढायला. २०१७ च्या जूनमध्ये एके दिवशी लोकांनी पाहिलं तर चित्रं नाहीत. वरून सपाट रंग मारलेला. चाळीसहून जास्त वर्षं एका हातासरशी गेली.

वस्ती खवळली. निदर्शनं झाली, पेपरांत आलं. शेवटी बिल्डरने पातलानलाच बोलावलं. तो तोवर म्हातारा झालेला, कॅलिफोर्नियात स्थायिक. तो आला आणि त्याच वर्षी त्याने त्याच इमारतीवर नवं चित्र काढलं, वस्तीतल्या माणसांचे चेहरे घालून. आज ते तिथे आहे. चांगलं आहे. रंग ताजे आहेत. चेहरे रस्त्याकडे बघतात आणि त्यांच्या पाठीमागच्या खोल्यांत भाडेकरू राहतात.

मी फुटपाथवर उभी राहून विचार करत होते की ही लढाई नक्की कोण जिंकलं. चित्र परत आलं हे खरंच. पण इंग्रजीचे वर्ग नाही परत आले. २००० नंतरच्या दीड दशकात पिल्सेनमधून दहा हजारांहून जास्त लॅटिनो माणसं कमी झाली, युनिव्हर्सिटीच्याच संशोधकांनी केलेला हिशेब आहे. ज्यांनी ‘आम्ही इथे आहोत’ सांगायला भिंती रंगवल्या, त्या भिंतींमुळेच एरिया ‘हॅपनिंग’ झाला, आणि हॅपनिंग झाल्यामुळे भाडं वाढलं. जाहिरातीतल्या सहा फोटोंतले तीन भिंतींचे उगाच नव्हते.

फ्लॅट छान होता. हे मी अगदी नाइलाजाने लिहितेय. लाकडी जमीन, भरपूर उजेड, ऑफिस वीस मिनिटांवर. एजंट आमच्याच वयाचा, हसरा, बोलायला गोड. त्याने बेडरूमची खिडकी उघडली आणि अभिमानाने समोरच्या भिंतीवरचं अर्धं म्युरल दाखवलं, सी-व्ह्यू दाखवावा तसं. म्हणाला, पाच वर्षांत या एरियाचं सोनं होणार. इथे आधी कोण राहत होतं असं मी विचारलं. ‘अ फॅमिली,’ तो म्हणाला आणि डिशवॉशरकडे वळला.

खाली उतरल्यावर आमचं भांडण झालं. भांडण म्हणजे आम्ही दोघी बोलतो तसं, चालता चालता.

‘तुझ्या डोक्यात काय चाललंय ते कळतंय मला,’ ताई म्हणाली. ‘मी नाही घेतला तर तो काय त्या फॅमिलीला परत देणार आहे? दुसरं कोणीतरी घेईल. आणि मी काय इथली जमीनदार आहे? माझा व्हिसा गेला तर साठ दिवसांत चालतं व्हावं लागतं मला.’

‘पण लालबागचं आठव ना.’

आजीची खोली लालबागच्या चाळीत होती. आमच्या दोघींच्या आया तिथेच वाढल्या. आता तिथे टॉवर आहे.

‘आठवतंय ना,’ ती म्हणाली. ‘लालबागची खोली मामाने स्वतः विकली. कोणी ढकललं नाही त्याला. ठाण्याला टू-बीएचके घेतला आणि आजी शेवटची आठ वर्षं कमोडवर बसू शकली. तुला चाळीचं रोमँटिक वाटतं, कारण तू संडासच्या लायनीत उभी राहिली नाहीस.’

याला उत्तर नव्हतं. म्हणजे अर्धं होतं. पिल्सेनमध्येही ज्यांची स्वतःची घरं होती त्यांना विकून चार पैसे मिळालेच. पण भाड्याने राहणाऱ्याच्या हातात काय येतं? आणि विकायचं नसेल तर? २०२२ च्या अखेरीस इथल्या घरमालकांना प्रॉपर्टी टॅक्सची बिलं आली, ती बघून कित्येकांना घाम फुटला. घर तेच, छत तेच, आजूबाजूचा भाव वाढला म्हणून बिल वाढलं. शहराने २०२० च्या आधी हा भाग हेरिटेज जाहीर करायचा घाट घातला तेव्हा वस्तीतल्याच लोकांनी विरोध केला, हेरिटेजचा शिक्का बसला की दुरुस्ती महागते आणि भाडी आणखी चढतात म्हणून. डिसेंबर २०२० मध्ये कौन्सिलने तो ठराव फेटाळला. आपल्या भिंतीचं कौतुक नको म्हणायची वेळ यावी, यातच सगळं आलं.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, ‘आणि तू? तू हे मॅगझिनमध्ये छापणार. चार लोक वाचणार, येणार, फोटो काढणार.’

तर हे छापलंय. येणार असाल तर पिंक लाइन घ्या, शनिवारी कार्निटास बाराच्या आत गाठा नाहीतर रांग दाराबाहेर जाते, सुटे डॉलर जवळ ठेवा आणि माणसं राहतात त्या घरांच्या खिडक्यांसमोर पोज देऊ नका. मी दिली आहे, म्हणून सांगते.

स्टेशनच्या अलीकडे कोपऱ्यावर एलोतेवाला उभा होता. चाकांची गाडी, छत्री, वाफेचं भांडं. शिकागोत अशा गाड्यांना २०१५ पर्यंत कायद्याने मान्यताच नव्हती, आपल्या फेरीवाल्यांसारखीच पळापळ. उकडलेलं कणीस काडीला टोचून देतात, त्याला मेयोनेज फासायचं, वर चुरलेलं चीज, तिखट, लिंबू. लिंबू-तिखट ऐकून आम्ही घरचे झालो. ‘चिले?’ त्याने विचारलं. ‘मुचो!’ ताई म्हणाली, तिला येणाऱ्या दोन स्पॅनिश शब्दांपैकी एक. त्याने आमच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि हात सैल सोडला.

आम्ही तिथेच उभ्याने खात होतो, कोपरापर्यंत मेयोनेज. ताईच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. तिने मान वाकडी करून स्क्रीन पाहिला. एजंट.

‘उचल ना,’ मी म्हटलं.

तिने आपले दोन्ही हात मला दाखवले. फोन वाजत राहिला.